शॉक देण्याआधी कप्प्यात डोकावू द्या

छातीत धडधडलं, ठोका चुकला की आपल्याकडे पहिलं निदान ठरलेलं: गॅस. दोन दिवसांनी दवाखान्यात जावं तर ईसीजी नॉर्मल. म्हणून धडधड चालू असतानाच जवळ जिथे सोय असेल तिथे ईसीजी काढून घ्या. त्या कागदाची झेरॉक्सही काढा, कारण वरची रेघ काही महिन्यांत पुसट होते. चक्कर, दम किंवा छातीत दुखणं असेल तर मात्र वाट न बघता १०८ ला फोन करा.

ठोका बिघडलाय हे ईसीजीत कळतं. का बिघडला, यासाठी टूडी इको लागतो. नगर, लोणी, शिर्डीत तो होतो. लहानपणी सांधे सुजणारा ताप आलेल्या कित्येकांची हृदयाची डावीकडची झडप पुढे आकसते, वरचा कप्पा फुगतो आणि त्याची लय जाते. मग कप्प्यालगतच्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं. शॉक देऊन लय परत आणली आणि ती गाठ सुटली, तर थेट मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. त्यामुळे त्रास ४८ तासांहून जुना असेल, किंवा कधी सुरू झाला हेच सांगता येत नसेल, तर डॉक्टर आधी किमान ३ आठवडे रक्त पातळ करण्याची गोळी देतात, नाहीतर घशातून नळी घालून इको करतात. जीवावर बेतलं असेल तर थांबत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

'इको झालाय की, परत कशाला?' हा नातेवाइकांचा सवाल रास्तच आहे, पैसे त्यांचेच जातात. पण छातीवरून केलेल्या इकोत ती पिशवी नीट दिसत नाही.

झडप बरीच आकसलेली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत. जुनीच गोळी, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते) तपासत घ्यावी लागते. मेडिकलवाल्याने बदलून दिली तर घेऊ नका.

ॲब्लेशनसाठी, म्हणजे लय बिघडवणारी जागा नळीवाटे आतून निकामी करण्यासाठी, पुण्याला पाठवलं तर सीटी सांगतील. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी लयीची ही गडबड बहुधा सुरू होते, हे फ्रान्समधले हृदयतज्ज्ञ मिशेल हाइसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं, आणि त्या शिरांची ठेवण प्रत्येकाची निराळी. सीटीआधी किडनीचा रिपोर्ट दाखवा. एमआरआय सांगितला आणि पेसमेकर असेल, तर त्याचं कार्ड आधी पुढे करा. नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडीही न्या. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं, ते दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा.