वाळूखालचा राखाडी रंग

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात १९४० ते १९४३ दरम्यान लढलेले रणगाडे १:३५ प्रमाणात बांधणं आणि रंगवणं, हा या अंकाचा विषय. त्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजनही होती. तिथे लढलेले लोक आता जवळजवळ उरलेले नाहीत. म्हणूनच हे काम नीट, माहिती काढून व्हावं, असं आम्हाला वाटतं.

आम्ही भर दिलाय तो रंगावर. १९४१च्या सुरुवातीला त्रिपोलीत उतरलेले जर्मन रणगाडे गडद राखाडी होते. सैनिकांनी त्यांवर चिखल फासून वेळ निभावली. त्यामुळे मॉडेलवर वाळूचा रंग सरसकट मारून चालत नाही. हॅचच्या कडेला, जिथे बूट घासतात तिथे, स्पंजच्या तुकड्याने खालचा राखाडी हलकेच दाखवावा लागतो. सगळीकडे सारखेच ओरखडे काढले की मॉडेल खोटं दिसतं. अल अलामेनच्या लढाईआधी ब्रिटिश रणगाड्यांवर ट्रकच्या आकाराचे कापडी सांगाडे चढवले होते, तेही बांधून पाहण्यासारखे आहेत.

तुमच्या मॉडेलचे फोटो जरूर पाठवा. घरातलं कोणी त्या आघाडीवर होतं का, तेही कळवा.