‘वी’, ‘ओक’ आणि कायद्याचा होकार

फ्रेंच भाषेत ‘होय’ला ‘वी’ म्हणतात. लॅटिनमध्ये होकाराचा असा एकच ठरलेला शब्द नव्हता. दक्षिण फ्रान्समध्ये ‘हे’ या अर्थाच्या ‘होक’ या लॅटिन सर्वनामापासून ‘ओक’ हा होकार झाला. उत्तरेत त्यालाच ‘तो’ या अर्थाचे ‘इल’ जोडले गेले. त्यातून ‘ओईल’ आणि पुढे ‘वी’ झाला. होकारावरून भाषा ओळखण्याची रीत इटालियन कवी दान्तेनेही अवलंबिली होती. लाँगदोक या प्रांताचे नाव म्हणजे शब्दशः ‘ओकची भाषा’.

‘वी’ देशभर पसरला तो काही ‘ओक’पेक्षा सरस होता म्हणून नव्हे. १५३९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिलेर-कोत्रे येथील फर्मानाने न्यायालयीन कामकाज व दस्तऐवज ‘मातृभाषा फ्रेंच’मध्येच करण्याची आज्ञा दिली. रोख प्रामुख्याने लॅटिनवर होता. परंतु ज्यांची मातृभाषा ‘ओक’ म्हणणारी होती, त्यांच्यासाठीही कचेरीचे दार लागले. २००८ साली प्रादेशिक भाषांना फ्रान्सच्या संविधानात ‘देशाचा वारसा’ म्हणून स्थान मिळाले. तरीही २०२१ साली तेथील संविधान परिषदेने सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेत या भाषांच्या संपूर्ण माध्यमातून शिकवणे घटनाबाह्य ठरविले.

यावरून आम्ही एवढेच म्हणू की, वारसा हा गौरव आहे, हक्क नव्हे. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याविषयी बोलतो खरा, पण राज्याकडून अपेक्षा करतो ती ‘प्रयत्ना’ची. अनुच्छेद ३५० मात्र स्पष्ट आहे : आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. बेळगावपासून हैदराबादपर्यंतच्या मराठी माणसाने तो बजावला पाहिजे. न वापरलेला हक्क कागदावरच राहतो, आणि मराठीतील अर्ज कोणी केलेच नाहीत, तर मराठीची गरजच नाही, असे म्हणावयास शासन मोकळे होते.

फ्रेंचमध्ये आणखी एक होकार आहे. प्रश्न नकारार्थी असला आणि तो नकार खोडावयाचा असला, तर ‘वी’ चालत नाही. ‘सी’ म्हणावे लागते. “येथे मराठी नाही ना?” या प्रश्नाला आपले उत्तर त्याच जातीचे हवे : “नाही कशी? आहे तर!” आणि ते अर्जावर, मराठीत, लेखी हवे.