दावाच काढून टाका म्हणे!

मंडळी, कॅलिफोर्नियातला भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, आमच्याकडे दिवाणी दावा पाच वर्षांत सुनावणीला उभा राहिला नाही तर कोर्ट तो काढूनच टाकतं. तुमच्याकडे हाच कायदा आणा, सगळा गठ्ठा साफ होईल!"

पोरगा खोटं बोलत नाही. तिथे असा कायदा आहे. इथलीही शहाणीसुरती माणसं हल्ली असंच बोलतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

दावा पुढे नेणं वादीच्या हातात आहे, असं तो कायदा धरून चालतो. (वादीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर तेवढा काळ तिथेही मोजत नाहीत, हे भाचेबुवा सांगायचं विसरले.) आपल्याकडे लगाम कोणाच्या हातात असतो? समन्स घेऊन गेलेला बेलिफ "पत्त्यावर सापडले नाहीत" असा शेरा मारून परत येतो. प्रतिवादीने कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यावी, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, हेही तेव्हापासूनच. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या मुदती इतक्या काटेकोर नाहीत, सबळ कारण असेल तर सवलत देता येईल. झालं! सबळ कारणांचा आपल्याकडे कधी दुष्काळ पडला आहे का?

वादीला मात्र सवलत नाही. तारखेला प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर, की दावा काढून टाकतात. त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही, मूळ दावा परत फाइलवर घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करत बसायचं. प्रतिवादी वारला तर त्याचे वारस शोधून नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणायचे, तेही वादीनेच. म्हणजे मरतो तो, आणि धावपळ याची!

आता याच्यावर पाच वर्षांची टांगती तलवार लटकवा. घर किंवा शेत बळकावून बसलेला माणूस काय करील? काही नाही, नुसता बसून राहील. आजवर त्याला निकाल लांबवायचा असायचा, आता पाच वर्षं ढकलली की निकालच त्याच्या बाजूने. तोवर नवा दावा लावायची मुदतही काही वेळा टळलेली असेल.

असला प्रयोग थोड्या वेगळ्या रूपात आपल्याकडे झालेला आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. पक्षकाराची चूक नसताना, कोर्टाला वेळ झाला नाही म्हणून त्याचं नुकसान होऊ नये, हे त्यामागचं एक कारण. स्थगितीला जे लागू, ते अख्ख्या दाव्याला का नको?

न्यायाधीश किती असावेत, हेही सांगून झालं आहे. दहा लाख लोकांमागे पन्नास, अशी विधी आयोगाची शिफारस १९८७ ची. पाच वर्षांत तिथवर पोचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली बजावलं. आज त्याच्या निम्मेही नाहीत. गठ्ठा तिथे साचतो, आणि टोपलीत टाकायचा म्हणे वादीचा कागद!

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ साली वेगळा कायदा झाला. तिथे एकशेवीस दिवसांनंतर कैफियत घेतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं. म्हणजे प्रतिवादीला वेसण घालता येते! फक्त ती कंपन्यांच्या दाव्यात घालायची, बांधाच्या आणि वाटणीच्या दाव्यात नाही.

शिक्षा करायचीच तर तारीख मागणाऱ्याला करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संहितेत कलम ३५-ब आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं. ज्याने वेळ घालवला त्याने समोरच्याचा खर्च भरायचा, आणि तो भरेपर्यंत वादीचा दावा किंवा प्रतिवादीचा बचाव पुढे चालू द्यायचा नाही. तुमच्यापैकी ज्यांची प्रकरणं कोर्टात आहेत, त्यांनी पुढच्या तारखेला आपल्या वकिलांना या कलमाबद्दल जरूर विचारा.