खिशातले पिस्तूल आणि नियम 3

अत्याचाराची बातमी आली की आपल्या तरुणांत एक सूर हमखास निघतो : परवाना काढा आणि खिशात छोटे पिस्तूल ठेवा. या रागाचे कारण आम्हाला ठाऊक आहे. स्वसंरक्षण हा हक्क आहे. पण खापरखेड्यातील आमच्या तरुण साथींना आमचा प्रश्न आहे : ज्याच्या भरवशावर जीव सोडायचा, ते हत्यार तरी भरवशाचे आहे का?

पिस्तूल लहान केले की स्लाइड आखूड होते, स्प्रिंग कडक होते आणि मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये बसायला वेळ कमी मिळतो. मनगट ढिले पडले, काडतूस कमजोर निघाले किंवा आत धूळ-घाम साचला की ते अडकते. वीज केंद्राची राख आणि कोळशाची धूळ रोज झेलणाऱ्या गावाला धुळीबद्दल आम्ही काय सांगावे! नामांकित कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. 2018 मध्ये अमेरिकेत आलेल्या सिग सॉअर पी-365 या छोट्या पिस्तुलाच्या सुरुवातीच्या नगांत स्ट्रायकर तुटण्याच्या तक्रारी झाल्या. तिथला जाणकार शे-दोनशे गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय नवे पिस्तूल कमरेला लावत नाही. आपल्याकडे काडतुसांची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते आणि प्रत्येक गोळी महाग. मग दोष कळणार कधी? हल्ला झाल्यावर?

रिव्हॉल्व्हर त्या मानाने साधे. एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. पण कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरची किंमत होती 1,22,360 रुपये. ठेकेदाराकडे रोजीवर राबणाऱ्या आमच्या बहिणीने ते कुठून आणायचे? आणि स्वस्त म्हणून कुणी कट्ट्याकडे वळत असेल तर त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : कट्टा स्वतःच्याच हातात फुटू शकतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान 2 वर्षांची कैद आहे.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी जमावाने भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले. धोका आधीच दिसत होता, संरक्षण मिळाले नाही. अशा जमावापुढे खिशातले पिस्तूल नीट चालले तरी किती वेळ पुरणार?

म्हणून आमचे म्हणणे असे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांतील नियम 3 वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्रे ठरवणे, तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने गरजेनुसार रद्द करणे, बेकायदा शस्त्रे जप्त करणे आणि गरज असल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने देणे, हे सारे त्यात शासनाचे काम म्हणून लिहिले आहे. धमकी आली की आधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि या नियमाचा हवाला देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे मागणी करा. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याने परवानाही मागावा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चे कलम 14 हेच सांगते. नकार आला तर कारणे लेखी घ्या आणि अपील करा.

हत्यार मिळालेच तर ते साधे असू द्या, स्वच्छ ठेवा, रीतसर शिका. पण अर्जावर एकट्याची सही नको, वस्तीची हवी. साक्षीदाराच्या घरी रात्री चार माणसे थांबली पाहिजेत. आमचा भरवसा त्या चौघांवर जास्त आहे.

जय भीम!