ज्यूरी बाहेर, ज्यूरी आत

न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांचा आवाज चढला तो दिवस 10 नोव्हेंबर 2021. विस्कॉन्सिन राज्यातले, मिशिगन सरोवराकाठचे केनोशा हे शहर एरवी कुणाच्या खिजगणतीत नसायचे. पण काईल रिटनहाउसचा खटला थेट प्रक्षेपणातून घरोघरी पोचत होता, आणि न्यायाधीश सरकारी वकील थॉमस बिंगर यांना फैलावर घेत आहेत हे दृश्य संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर झळकले. त्याच दिवशी कामकाज चालू असताना श्रोडर यांचा मोबाइलही वाजला. वाजली ती ली ग्रीनवूडच्या देशभक्तिपर गाण्याची धून, आणि हेच गाणे ट्रम्प यांच्या प्रचारसभांत लागत असे. झाले! न्यायाधीश कोणाच्या बाजूचे, याचा निकाल तेवढ्यावर लागला. श्रोडर यांना 1983 मध्ये या पदावर नेमणारे राज्यपाल टोनी अर्ल डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, पण ते सांगणाऱ्याचे ऐकतो कोण?

आमच्या मते त्या चढलेल्या आवाजात न्यायाधीशांचे काही चुकले नव्हते. चुकले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा आवाज अगदी गोड होता.

प्रकरण थोडक्यात असे. ऑगस्ट 2020 मध्ये केनोशात एका गोऱ्या पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या. शहर पेटले. तिसऱ्या रात्री, 25 ऑगस्टला, शेजारच्या इलिनॉय राज्यातला 17 वर्षांचा रिटनहाउस एआर-15 धर्तीची रायफल गळ्यात अडकवून ‘दुकानांचे रक्षण’ करायला रस्त्यावर उभा होता. रात्र संपेपर्यंत त्याच्या गोळ्यांनी दोघांचा जीव गेला होता आणि एक जण जखमी झाला होता. तिघेही गोरे. गोळ्या मी झाडल्या, पण जीव वाचवायला झाडल्या, हा त्याचा बचाव.

हा बचाव घेऊन आरोपी स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला. अमेरिकेत आरोपीवर तशी सक्ती नसते, आणि बरेच आरोपी ती जोखीम घेत नाहीत. म्हणजे सरकारी वकिलाच्या हाती आयतीच संधी आलेली. बिंगर यांनी उलटतपासणीला सुरुवात केली तीच अशी, की त्या रात्रीनंतर आपली हकिकत तू आज पहिल्यांदाच सांगतो आहेस, तीही बाकीच्या साक्षी ऐकून झाल्यावर. वाक्य साधे दिसते, पण अमेरिकी कायद्यात ते विष आहे. अटकेतल्या माणसाला पोलिसांनी ‘तुला गप्प बसायचा हक्क आहे’ असे सांगायचे आणि पुढे सरकारी वकिलाने ‘मग गप्प का बसलास?’ असे विचारायचे, ही दगाबाजी झाली. डॉइल विरुद्ध ओहायो या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच ते बंद केले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. बिंगर तर मुरलेले वकील.

श्रोडर यांनी ज्यूरीला बाहेर पाठवले आणि समज दिली, की तुम्ही सीमारेषेवर आहात, कदाचित पलीकडेही गेला असाल. एवढ्यावर भागायला हवे होते. पण बिंगर पुन्हा घसरले, आणि या वेळी ज्यूरीपुढे न आणण्याच्या पुराव्याकडे. घटनेच्या काही दिवस आधीचे एक चित्रीकरण होते. दुकानातून माल पळवत असावेत असे वाटणारी माणसे पाहून रिटनहाउस म्हणतो, की आत्ता माझी रायफल हातात असती तर! हा पुरावा आणू देण्याकडे आपला कल नाही, असे न्यायाधीशांनी आधीच बजावले होते. बिंगर यांचा युक्तिवाद असा, की तुम्ही दार किलकिले ठेवले होते. ते माझ्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे, असे श्रोडर गरजले. आधी येऊन विचारायला हवे होते. मी सद्हेतूने वागलो, असे बिंगर म्हणाले. यावर माझा विश्वास नाही, असे न्यायाधीशांनी तोंडावर सांगितले.

ज्यांना हा पक्षपात वाटला त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली नाही. हे सगळे घडताना ज्यूरी खोलीबाहेर होती. ज्यांनी निकाल द्यायचा त्या माणसांच्या कानावर यातले अवाक्षर गेले नाही. आरोपीच्या मौनाचा हक्क राखताना सरकारी वकिलाला बोल लावायचे आणि त्याची पत ज्यूरीपुढे मात्र घालवायची नाही, हे न्यायाधीशाचे कामच आहे. ते श्रोडर यांनी नको तितक्या मोठ्याने केले, इतकेच.

आता 11 नोव्हेंबर. अमेरिकेत हा माजी सैनिकांचा दिवस. कोर्टात कोणी माजी सैनिक आहे का, असे श्रोडर यांनी विचारले. होते, बचाव पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार, साक्ष द्यायच्या बेतात. न्यायाधीशांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. ज्यूरी आत बसलेली होती. तिनेही वाजवल्या. पंचानेच एका संघाच्या फलंदाजासाठी प्रेक्षकांकडून टाळ्या मागाव्यात, तसा हा प्रकार. यात कपट होते असे आम्ही म्हणत नाही. श्रोडर हे गप्पिष्ट, स्वतःच्या चालीने चालणारे न्यायाधीश. विस्कॉन्सिनच्या सर्किट न्यायालयांत तेव्हा पदावर असलेल्यांपैकी त्यांच्याइतकी वर्षे कोणीच काढलेली नव्हती. ज्यूरीशी ते सामान्यज्ञानाचे खेळ खेळत. जेवणाच्या सुटीआधी आशियाई जेवणावरून बंदरात अडकलेल्या जहाजांचा एक भिकार विनोद त्यांनी केला. शेवटी 18 ज्यूरींतून 6 जणांना वगळायच्या चिठ्ठ्या त्यांनी सोडतीच्या पिंपातून आरोपीच्याच हातून काढवल्या. तिथले न्यायाधीश निवडून येतात, आणि इतकी वर्षे निवडून येणाऱ्या माणसाला कोर्ट आपल्या घरच्या ओसरीसारखे वाटू लागले तर नवल नाही. पण मोबाइलच्या धुनीने ज्यूरीवर काय परिणाम व्हायचा? टाळ्यांनी होऊ शकतो. ज्याच्या शब्दाचे वजन तुम्ही तोलायचे, त्याच्यासाठी न्यायाधीशाच्या सांगण्यावरून तुम्ही नुकत्याच टाळ्या वाजवल्या आहेत!

त्यांच्या आणखी एका निर्णयाची चर्चा झाली. गोळी लागलेल्यांना सरकारी वकिलांनी ‘बळी’ म्हणायचे नाही. बचाव पक्षाला मात्र पुराव्याचा आधार असेल तर अखेरच्या भाषणात त्यांना ‘दंगलखोर’ म्हणता येईल. पहिला भाग त्यांचा जुनाच शिरस्ता आणि समजण्यासारखा. दुसऱ्या भागाचे समर्थन करणे आम्हाला जमत नाही. मेलेल्या माणसांवर कोणताही आरोप ठेवलेला नव्हता आणि त्यांच्या वतीने उलटतपासणी घेणारेही कोणी नव्हते.

पण न्यायाधीश सरसकट बचाव पक्षाकडे झुकले, हे सिद्ध करायला एवढे पुरत नाही. ड्रोनमधून टिपलेले एक धूसर चित्र मोठे करून दाखवण्यावरून खूप वाद झाला. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे केले की अॅपलचे तंत्र त्यात नवे ठिपके भरते, असा बचाव पक्षाचा आक्षेप होता. त्यांच्या वकिलांनी अल्गोरिदमला ‘लॉगॅरिदम’ म्हटल्याने हशाही पिकला. शेवटी मोठे केलेले चित्र न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे जाऊ दिले. त्याच चित्राच्या आधारे आरोपीने आधी चिथावणी दिली का, हेही ज्यूरीने तपासावे, ही सरकार पक्षाची मागणी त्यांनी मान्य केली. सरकारला याहून मोठे काही मिळण्यासारखे नव्हते. निंदकांच्या टिपणवहीत ही नोंद सापडत नाही.

सरकार पक्षाने ते मिळालेले कसे वापरले? 15 नोव्हेंबरच्या अखेरच्या भाषणात बिंगर यांनी रायफल खांद्याला लावून कोर्टातच नेम धरला. त्या क्षणाचे छायाचित्र सगळीकडे गेले, बोट चापावर. बेदरकारपणे बंदूक वापरल्याचा आरोप सिद्ध करू पाहणाऱ्या वकिलाने हे करावे! त्यांचे सहकारी जेम्स क्राउस यांनी तर कधीकधी मार खाऊन घ्यावा लागतो, अशा अर्थाचे काही ज्यूरीला सुनावले. ज्यूरीतल्या कोणाला ते पटले असेल?

असली घाई वकील का करतो? हातातला पुरावा ढासळलेला असतो म्हणून. तो ढासळला 8 नोव्हेंबरला, न्यायाधीशांनी तोंडही उघडण्याआधी. वाचलेला जखमी सरकार पक्षाचा साक्षीदार होता. त्याच्याही हातात पिस्तूल होते. ते रिटनहाउसकडे रोखून तुम्ही पुढे सरकलात तेव्हाच त्याने गोळी झाडली ना, या प्रश्नाला त्याने होकार दिला. त्या एका होकाराने एक आरोप जवळजवळ मिटला. त्याच साक्षीदाराने हेही सांगितले, की समोरचा पोरगा माणसे मारत सुटला आहे असे आपल्याला वाटले होते. त्या रस्त्यावर बंदूक हाती असलेला प्रत्येक जण स्वतःला बचाव करणारा समजत होता. विस्कॉन्सिनचा कायदा मात्र एकाच्याच मनात डोकावतो, आरोपीच्या. त्याला जिवाची भीती वाटली का आणि तशी वाटणे वाजवी होते का, एवढाच प्रश्न. आणि तसे नव्हते, हे सरकारने निःसंशय सिद्ध करायचे. ज्याने चिथावणी दिली त्याचा हक्क कमी होतो खरा, पण त्या राज्यात उघडपणे रायफल बाळगणे ही काही चिथावणी ठरत नाही.

मग 17 वर्षांच्या मुलाने रायफल बाळगली, त्याचे काय? तो आरोप होता. न्यायाधीशांनी तो अखेरच्या भाषणांआधी काढून टाकला, आणि पुन्हा बोंब झाली. पण कलम वाचा. 18 वर्षांखालच्यांना शस्त्रबंदी घालणाऱ्या कलमाच्या पोटात शिकारीशी जोडलेली एक सवलत अशी ठेवली आहे, की लांब नळीची रायफल त्यातून निसटते. नळी ठरलेल्या मापापेक्षा आखूड नाही, हे सरकार पक्षानेच कबूल केले. हे भोक श्रोडर यांनी पाडलेले नाही, राज्याच्या विधिमंडळाने पाडलेले आहे. महिनाभर वाहिन्यांना मोबाइलची धून पुरली. विधिमंडळाकडे कॅमेरा वळवायची गरज कोणाला भासली नाही. उजव्यांना बिंगर हा खलनायक मिळाला, डाव्यांना श्रोडर. दोघांचीही सोय झाली.

श्रोडर यांच्यावर आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. 10 नोव्हेंबरला बचाव पक्षाने अर्ज केला, की सरकारी वकिलाच्या गैरवर्तनामुळे खटला रद्द करा, आणि असा रद्द करा की तो पुन्हा चालवता येऊ नये. पुढे ड्रोनच्या चित्रीकरणाची कमी दर्जाची प्रत दिल्याबद्दल दुसरी तक्रार झाली. न्यायाधीशांनी निर्णय राखून ठेवला. ज्या वकिलाच्या सद्हेतूवर आपला विश्वास नाही असे तुम्ही जगासमोर सांगता, त्याच्याबद्दलचा अर्ज टेबलावर पडून राहतो, आणि 12 जण चार दिवस विचारविनिमय करत बसतात! दोषी ठरवले तर अर्ज बाहेर काढता येईल, सोडले तर गरजच नाही. हिशेब सोयीचा होता. ओरडण्यापेक्षा एका पानाचा आदेश द्यायला जास्त धैर्य लागले असते.

आपल्याकडे आरोपीच्या मौनाला संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद 20(3)ने दिले आहे. आरोपीने साक्ष दिली नाही म्हणून त्यावर ना पक्षकारांनी टिप्पणी करायची ना न्यायालयाने, हे 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 315मध्येच लिहिलेले होते, आणि नव्या संहितेतही आहे. स्वसंरक्षण शाबीत करण्याचा भार मात्र आपल्याकडे आरोपीवर असतो, थोडा हलका असला तरी. आणि न्यायाधीश ज्यूरीपुढे काय बोलतो याची तपासणी मुंबईने एकदा चांगली पाहिली आहे. 1959 मध्ये नानावटी खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. सत्र न्यायाधीश मेहता यांना ते मान्य झाले नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने निकाल फिरवला, आणि फिरवताना ज्यूरीला कायदा समजावण्यात खुद्द मेहतांनी केलेल्या चुकाही दाखवल्या. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

केनोशात तशी सोय नव्हती. 19 नोव्हेंबरला उरलेल्या पाचही आरोपांतून रिटनहाउसची मुक्तता झाली, आणि अमेरिकेत ज्यूरीच्या मुक्ततेवर सरकारला अपील नाही. त्यामुळे बिंगर यांचा प्रश्न घटनेचा भंग होता की सीमारेषेवरची घसरण, हे कोणत्याही वरच्या न्यायालयाने कधी तपासले नाही. टाळ्या, चिठ्ठ्या आणि ‘दंगलखोर’ यांचेही तेच झाले. श्रोडर यांनी राखून ठेवलेला निर्णय राखलेलाच राहिला.