आत्मपरीक्षण आणि व्यक्तिमत्त्वाचे शास्त्र

ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील माणसाने स्वतःची ओळख पटवून घेण्यासाठी व्यक्तिमत्त्व-मानसशास्त्र नामक, जेमतेम शंभर वर्षे वयाच्या परकीय शास्त्राच्या दारी का जावे, असा आक्षेप आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचे सरकारदरबारी आता अहिल्यानगर असे नाव आहे, सुशिक्षित मंडळींकडूनही ऐकू येतो. अंतर्मुख होऊन पाहिले की माणूस स्वतःला कळतो, त्याला प्रश्नावल्या आणि आलेख कशाला, हे त्या आक्षेपाचे सार होय. तो सद्बुद्धीने घेतलेला असल्यामुळे त्याचा परामर्श गांभीर्यानेच घेतला पाहिजे.

या आक्षेपात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली आहे. ‘मी कोण’ हा अध्यात्माचा प्रश्न आणि ‘मी कसा’ हा स्वभावाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळते असे नाही. गीतेनेही सत्त्व, रज, तम हे गुण प्रकृतीच्याच खाती जमा केले आहेत. शिवाय ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय जो मन लावून वाचील त्याला दिसेल, की अहिंसेचे लक्षण सांगताना ज्ञानदेव त्या माणसाच्या अंतःकरणात शिरून थांबत नाहीत. तो चालतो कसा, बोलतो कसा, त्याची दृष्टी आणि त्याचे हात कसे वागतात, याचे विस्तृत वर्णन ते करतात. आतले बाहेरच्या वर्तनावरून ओळखावे, हीच व्यक्तिमत्त्वशास्त्राचीही मूळ प्रतिज्ञा आहे.

निव्वळ अंतर्मुखता अपुरी का पडते, याचा दाखला आमच्या शहराच्या भुईकोट किल्ल्यातच आहे. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद तेथे स्थानबद्ध होते. त्यांपैकी मौलाना आझाद यांनी या कैदेत लिहिलेली, टपालात कधीच न पडलेली पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४३ च्या एप्रिलात कलकत्त्यास त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले. पत्नीच्या आजारपणाच्या काळात सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करण्यास मौलानांनी नकार दिला होता आणि आपला नित्यक्रम रेसभरही ढळू दिला नव्हता. सहकाऱ्यांनी याला धैर्य म्हटले असते तर ते साहजिकच होते. परंतु मौलाना स्वतःच लिहितात की वर्तमानपत्राची वाट पाहताना आत काहूर उठलेले असे, आणि तरीही ते हाती येताच आपण घाई दिसू देत नसू. ही सारी बाह्य शांती म्हणजे एक वठवलेली भूमिका होती, आणि ती वठविणारा आपल्या बुद्धीचा अभिमान होता. मौलाना या निष्कर्षास पोहोचले ते ‘मला काय वाटते’ एवढेच विचारून नव्हे. आपले बसणे, उठणे, कागदाकडे हात नेणे हे एखाद्या त्रयस्थाने पाहावे तसे पाहून, आणि त्या वर्तनाची आतल्या स्थितीशी रुजुवात घालून. त्याच किल्ल्यातील जवाहरलालांनी तर १९३७ मध्येच ‘चाणक्य’ हे टोपणनाव घेऊन ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये स्वतःविरुद्ध लेख लिहिला होता आणि या माणसाचा अहंकार मोठा आहे, तो हुकूमशहा होऊ शकेल, असा इशारा दिला होता. स्वतःला पाहण्यासाठी त्यांनाही परक्याचे नाव धारण करावे लागले, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

या दोघांनी मानसशास्त्राचा अभ्यासक्रम कुठे केला होता, असे कोणी विचारील. त्यांची प्रतिभा आणि त्यांचा सक्तीचा निवांतपणा ज्यांच्या वाट्याला येत नाही, अशा आपल्यासारख्यांसाठीच शास्त्र असते. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की चिंता, अस्वस्थता यांसारखे गुण माणसाला स्वतःला अधिक अचूक कळतात. बुद्धिमत्तेसारख्या, ज्यांत प्रतिष्ठेचा प्रश्न गुंतलेला असतो अशा गुणांबाबत मात्र मित्रांची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. आपल्याच मुकदम्यात आपण हितसंबंधी साक्षीदार असतो, आणि आपली जबानी कोठे ग्राह्य धरावी व कोठे नाही, हे हे शास्त्र शिकविते.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे ज्योतिषाचेच नवे रूप आहे. यातील अर्धा भाग मी मान्य करतो. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगून पालकांकडून पैसे उकळणारा व्यवसाय आज गावोगावी चालतो, आणि त्याचा निषेध करावा तेवढा थोडा. परंतु असल्या भूलथापांचे मर्म उघड केले कोणी? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे खास वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला, तोही बहुतांशी बाजारू ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. जे शास्त्र आपल्या नावावर चालणारी फसवणूक स्वतःच पकडते, त्याला ज्योतिषाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे आहे.

स्वभावावर शिक्का मारल्याने माणूस जखडला जातो, ही भीतीही अभ्यास न करणाऱ्याचीच. हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२८ मध्येच दाखविले, की एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगी लबाडी करू शकते. म्हणजे ‘मी प्रामाणिक आहे’ हे विधान अपुरे असून कोठे, केव्हा आणि कोणाच्या देखत, हे विचारणे प्राप्त आहे. वयाबरोबर कर्तव्यदक्षता सामान्यतः वाढते व भावनिक अस्थिरता कमी होते, असे दीर्घकालीन पाहण्यांत आढळले आहे. मग शिक्का राहिला कोठे?

म्हणून जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुणांना माझी विनंती आहे, की मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या चाचणीने मिळालेली स्वभावप्रकाराची चार अक्षरे मिरवू नका. या विषयाचे एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक सावकाश वाचा, आणि एखादी प्रश्नावली भरलीच तर तीच प्रश्नावली तुमच्याविषयी तुमच्या आईला, खोलीवरच्या सोबत्याला आणि ज्याच्याशी तुमचे पटत नाही अशा एकाला भरावयास देऊन, जेथे जेथे उत्तरे जुळत नाहीत तेथून अभ्यासाला प्रारंभ करा.