न चिरणारा चाकू

छंद कुणाला कशाचा लागेल, नेम नाही! निघोज्याच्या कारखान्यांत लोखंड कातणारी कार्बाइडची टिप झिजली की भंगारात जाते. पण त्याच कार्बाइडचा लेप टिटॅनियमच्या पात्याच्या धारेला देऊन कारागिराने एकुलता एक चाकू घडविला, की शौकीन माणूस त्यासाठी महिन्याचा पगार मोजतो. टिटॅनियम हलके, न गंजणारे. पण धार टिकवीत नाही. कार्बाइड धार टिकविते, पण ठिसूळ. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात.

गृहिणी विचारतील, "भाजी चिरायची नाही, तर चाकू हवा कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल मी त्यांना पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते दाखवीन. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. लहानपणीच गेलेल्या राजाचे, आपल्या मुलाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. ते अडकित्ते आता सुपारी कातरीत नाहीत. पण आजोबा नातवाला ते दाखवीत उभे राहतात.

म्हणून शौकिनांना माझे एकच सांगणे : पाती खुशाल जमवा, पण ती कपाटात कुलूपबंद ठेवू नका. चार माणसांना दाखवा!